पौर्णिमेनंतरच्या फांद्या

वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बजाजनगरात कचऱ्याची गाडी येते तेव्हा तिच्यात हिरवं फार असतं. आदल्या दिवशी ज्यांना हळदकुंकू वाहिलं, ज्यांच्यापुढं हात जोडून काही मागितलं, त्या वडाच्या फांद्या आंब्याच्या साली, कोयी आणि शिळ्या भातावर येऊन पडतात. गाडीवरचा माणूस त्या पायानं दाबून जागा करतो. कापलेल्या देठातून चीक ओघळून वाळलेला असतो आणि पांढरं सूत त्याला चिकटून कडक झालेलं असतं. यंदाही मी फाटकाशी उभी राहून हे बघितलं. रात्री पाऊस होऊन गेला होता. दोन-तीन फांद्या इतक्या टवटवीत होत्या की हात शिवशिवले. पण मी पाऊल उचललं नाही. गाडी कोपऱ्यावर वळली, तिचं गाणं ऐकू यायचं थांबलं, आणि मी आत येऊन दूध तापायला ठेवलं.

या फांद्या उचलायची सवय मूळची माझी नव्हे, अनिलची. अनिल माझा नवरा. वाळूजच्या एका कारखान्यात तो तपासणीच्या कामावर होता आणि उरलेल्या सगळ्या वेळात वडाच्या कुळातल्या झाडांच्या मागं असायचा. वड, पिंपळ, उंबर, पायर, नांदरुक. नर्सरीतली गुळगुळीत परदेशी रोपं त्याला आवडत नसत. "ती शोरूममधली," तो म्हणायचा, "आपल्याला रस्त्यावरची पाहिजेत." त्यामुळं आमची रविवारची सहल म्हणजे पडक्या भिंती बघत हिंडणं. कन्नडला लग्नाला गेलो तर हा मांडव सोडून एसटी स्टँडमागच्या भिंतीपाशी. जुन्या नहरीच्या बंबावर, म्हणजे पाण्याच्या उंच दगडी मनोऱ्यावर, उगवलेल्या पायरीच्या झाडाकडं तो मान वर करून इतका वेळ बघायचा की येणारे-जाणारेही थांबून वर बघायचे. शेंद्र्याकडं रस्ता रुंद करताना एक विहीर फोडली, तर तिच्या दगडांतून त्यानं उंबराचं एक वेडंवाकडं रोप सोडवून आणलं आणि घरी येईपर्यंत ओल्या पोत्यात गुंडाळून मांडीवर धरलं. स्कूटर मी चालवत होते.

पाखरं फळं खातात, भिंतीवर येऊन बसतात, आणि विटांच्या फटीत बी पडतं. माती नाही, पाणी नाही. तरी रोप उभं राहतं. वर वीतभर दिसतं आणि आत त्याचं मूळ मनगटाएवढं होऊन चपटं पसरलेलं असतं. अनिल म्हणायचा, बोन्साय आपण करत नाही, भिंतीनं निम्मं करून ठेवलेलं असतं. मला ते ऐकताना कसंसंच व्हायचं. उपासमारीत वाढलेलं पोर उचलून आणायचं आणि त्याची उपासमार नीट, देखणी चालू ठेवायची, असं काहीतरी त्यात होतं. पण पावसाळ्यात त्याच्याकडं बघितलं की हे बोलायचं राहून जायचं. कापलेला देठ पाण्यात धरून तो चीक वाहायचा थांबण्याची वाट बघायचा, जखमेला राख लावायचा, पानं निम्मी कापायचा, रेती आणि नारळाच्या भुश्शात फांदी रोवून वर प्लास्टिकची पिशवी घालायचा. मग रोज सकाळी पिशवीच्या आतले थेंब बघायचे. पानं गळून जायची. नुसती काडी उरायची. आणि एखाद्या दिवशी त्या काडीच्या टोकाला गुलाबी, बंद छत्रीसारखी अणकुचीदार कळी दिसायची. तेव्हा तो मला स्वयंपाकघरातून हाका मारून वर बोलवायचा.

वटपौर्णिमेनंतर तो सकाळीच पिशवी घेऊन निघायचा. कॉलनीतल्या बायकांना ते माहीत होतं. काही जणी फांदी कचऱ्यात न टाकता कठड्यावर ठेवायच्या, "सर नेतील" म्हणून. या सगळ्यात मी कुठंच नव्हते. मी शाळेत विज्ञान शिकवते. लग्नानंतर एकदाही वड पुजला नाही. त्यावर आमच्यात भांडण नव्हतं, चर्चाही नव्हती. कुणी विचारलंच तर मी सांगायचे, की आमच्या घरी झाडाला पाणी घालतात, दोरा नाही.

अनिल गेला तो थंडीत. कामावरच छातीत दुखलं, दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं होतं. त्याच्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचं आहे ते नंतरच्या उन्हाळ्याबद्दल. गच्चीवर त्याची पस्तीस-चाळीस झाडं होती. उथळ ट्रेमधल्या झाडाला आपल्याकडच्या उन्हात दिवसातून दोनदा पाणी लागतं, आणि त्या वर्षी नळाला आठवड्यानं पाणी येत होतं. पण पाणी नव्हतं हे कारण नव्हे. टाकीत पाणी होतं. मला जिना चढवत नव्हता. वर गेले की त्याची खुरपी, त्याची तारेची रिळं, उन्हात विटलेली त्याची टोपी. आज जाऊ, उद्या जाऊ करत चैत्र गेला. वैशाखात एकदा धीर करून गेले तेव्हा पानं हाताला लागताच चुरा होत होती. वीस वर्षांचा वड उचलला तर हलका लागला, कागदाचा असावा तसा. एक उंबर तेवढा जिवंत होता, तोच विहिरीतला. ट्रेच्या भोकातून मूळ बाहेर काढून त्यानं गच्चीच्या फटीत घातलं होतं, आणि तिथून टाकीच्या गळतीपर्यंत. अनिल असता तर ते मूळ त्यानं दर वर्षीसारखं कापलं असतं. त्याच्या हातून सुटलेलं ते एकच झाड जगलं, हे लक्षात आल्यावर मी त्या तापलेल्या गच्चीवर बसून पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

त्याच वर्षीची वटपौर्णिमा. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी त्याची पिशवी घेतली आणि बाहेर पडले. विचार असा काही केलाच नव्हता. निदान एवढं तरी करावं, इतकंच. कोपऱ्यावरच्या ढिगातून अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांद्या निवडत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"कामून उचलायली गं बाई?"

शेजारच्या कौसामावशी. कन्नडकडच्या गावाहून मुलाकडं, संतोषकडं, राहायला आलेल्या. तोंडाळ, पण मायाळू. अनिल गेला तेव्हा तीन दिवस त्यांच्याकडूनच भाकरी येत होती.

"रोपं करायची, मावशी. हे करायचे ना, तशी."

"त्यो गडी मानूस व्हता." त्या माझ्या कपाळाकडं बघत होत्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सवाष्णींचं सूत हाय त्याला. तू नको हात लावू. लोकं वंगाळ बोलत्यात."

मला राग यायला हवा होता. वर्गात याच विषयावर मी तास घेतलेला आहे. पण राग आला नाही, लाज वाटली. कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखी. तरी पिशवी मी खाली ठेवली नाही. घरी येऊन एकेका फांदीचं सूत सोडवलं, गोळा करून पाटावर ठेवलं, फांद्या पाण्यात धरल्या, राख लावली आणि एका मोठ्या टबात सगळ्या रोवल्या. कुठली कुणाच्या दारातली, हे मला माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायची गरजही नव्हती.

आठवड्याभरानं संतोषचा हात प्रेसमध्ये सापडला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. संतोष तिशीतला, हसतमुख, वाळूजलाच एका छोट्या कारखान्यात पत्रा दाबायचं प्रेस मशीन चालवणारा. रस्त्यानं जाताना मला "मॅडम" म्हणून हाक मारणारा, कारण त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. बातमी कळली तशी मी धावत त्यांच्या दारात गेले. कौसामावशी उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या मला पाहून उठल्या आणि आत गेल्या. दार लावलं नाही. पण मी पुढं गेले नाही.

दोन दिवसांनी त्यांची सून सविता माझ्याकडं आली. डोळे सुजलेले. बसलीसुद्धा नाही.

"ताई, माझी फांदी द्या."

"कुठली?"

"तुम्ही उचलून आणली ती. कोपऱ्यावर मीच ठिवली व्हती. आत्याबाई म्हनत्यात, त्याच्यानंच झालं. मी नाय म्हनत तसं. पर द्या मला ती."

तिला काय सांगायचं हे मला पाठ होतं. हाताचा आणि फांदीचा संबंध नाही. यंत्राला सूत कळत नाही. पण ते एक वाक्यसुद्धा माझ्या तोंडातून निघालं नाही, कारण त्या दोन दिवसांत मी स्वतःच रात्रभर हिशोब मांडत पडले होते. मी वड पुजला नाही, अनिल गेला. मी फांदी उचलली, संतोषची बोटं गेली. हे खोटं आहे हे मला माहीत होतं, आणि खोटं आहे हे माहीत असल्यानं त्याची टोचणी काही कमी होत नव्हती. बुद्धीला पटलेलं सगळं अंगात उतरतंच असं नाही.

मी तिला गच्चीवर नेलं. टबात फांद्या एका रांगेत उभ्या होत्या, सगळ्यांची पानं गळायला लागलेली. "यातलीच एक," मी म्हणाले. "कुठली ते मलाही सांगता येणार नाही."

ती खाली वाकून एकेक काडी बघत राहिली. आपली ओळखू येईल अशा आशेनं. मग म्हणाली, "मग समद्याच जगवाया पाहिजेत."

त्या पावसाळ्याची आठवण म्हणजे आम्ही दोघी आणि तो टब. सकाळी दवाखान्यात डबा द्यायच्या आधी सविता वर यायची. आम्ही फार बोलत नसू. ती पिशवी उचलून आतले थेंब बघायची, मी रेतीत बोट घालून ओल बघायचे. आषाढातली झड लागली की आम्ही टबावर छत्री धरायचो, कारण जास्त पाण्यानं फांद्या खालून कुजतात. कुजतच होत्या. एकेक काडी काळी पडत गेली. मी ती हळूच उपटायचे, आणि सविता विचारायची, "ही नसंल ना?" मी म्हणायचे, "नाही, ही नसेल." काय आधारावर, ते तिनं कधी विचारलं नाही. तिकडं संतोषची जखम चिघळली, ताप येऊ लागला, बोटांबरोबर पंजाही जाईल की काय असं डॉक्टर बोलू लागले. जितक्या फांद्या कमी होत तितका तिचा चेहरा बारीक होत होता. गच्चीवरच्या त्या उंबराच्या फांदीला अनिलनं गुंडाळलेली तार अजून तशीच होती. एकदा तिच्यावरून बोट फिरवत सविता म्हणाली, "लागत नसंल का हो हिला?" मी त्याच दुपारी पक्कड आणून ती तार कापून टाकली. फांदीवर तिचा वळ राहिला होता. आजही आहे.

श्रावण लागला तेव्हा टबात चार काड्या होत्या. एका सकाळी मी एकटीच वर गेले आणि त्यातल्या एकीच्या शेंड्याला ती गुलाबी कळी दिसली. मला अनिलची हाक ऐकू आल्याचा भास झाला. पाठोपाठ सविता जिन्यावरून आली. रात्रभर दवाखान्यात जागलेली. ताप उतरला नव्हता. ती टबापाशी येऊन उभी राहिली, आणि तिनं काही विचारायच्या आधीच मी म्हणाले,

"सविता, ही तुझी."

"कशावरून?"

"तुझ्या फांदीचं सूत सोडताना देठाला नख लागलं होतं माझं, आज आठवलं. ही बघ खूण."

देठावर खरंच एक खूण होती. कसलीही असेल, कापणाऱ्याच्या कोयत्याची, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चपलेची. सविता खाली बसली. कळीला हात न लावता, ओंजळ भोवती धरून ती कितीतरी वेळ रडत होती. संध्याकाळी ती दवाखान्यात गेली तेव्हा तिनं संतोषला सांगितलं. पुढं चार-पाच दिवसांत त्याचा ताप उतरला. औषध बदललं होतं. कौसामावशींनी साखर वाटली, मला घरी आणून दिली, आणि "बाई, माझ्या जिभंला हाड नाय," एवढंच म्हणाल्या. ती साखर मी तोंडात टाकली. तिची चव अजून आठवते, म्हणजे नकोशी वाटते.

कारण खोटं एकदा बोलून संपत नाही, त्याला पाणी घालावं लागतं. सवितानं ते रोप घरी नेलं. तिच्या दारात ते सिमेंटच्या कुंडीत वाढू लागलं. ट्रेमध्ये लावू या, मुळं छाटू या असं मी सुचवलं तर तिनं कुंडीवर हात ठेवला. "कापायचं नाय ताई त्याचं काईच." म्हणून ते बोन्साय झालंच नाही. लांब, हडकुळं, वरच्या मजल्याच्या सज्जाला जाऊन टेकलं. पुढच्या पौर्णिमेला गल्लीतल्या बायका विकतची फांदी न आणता तिच्या दारात पूजेला आल्या. संतोषला वाचवणारा वड, अशी त्याची ख्याती झाली होती. मी खिडकीतून बघत होते. शाळेत मुलांना सांगायचे, कुठल्याही गोष्टीला पुरावा मागा. आणि इथं माझ्याच शब्दाभोवती बायका सूत गुंडाळत होत्या.

त्या काडीच्या उरलेल्या तीन बहिणी माझ्याकडं होत्या. दोन पुढं वाळल्या. एक जगली, ती मी ट्रेमध्ये लावली, छाटली, बसकी केली. ती सुरेख झाली आहे. कुणी आलं की कौतुक करतं. मी मात्र तिच्यासमोर उभी राहिले की मनात येतं, सविताची खरी फांदी हीच असली तर? जिचं काहीही कापायचं नव्हतं, तीच मी दर पावसाळ्यात कापत असले तर?

गेल्या वर्षी ते सगळे गावाकडं परत निघाले. दोन बोटं गेलेल्या माणसाला प्रेसवर कुणी घेत नव्हतं, वॉचमनच्या कामात त्याचं मन लागेना, आणि गावाकडची जमीन भाऊ एकटा बघत होता. झाड टेम्पोत घालून न्यायचं ठरलं. सविता म्हणाली, "ताई, तुम्ही चला. लावताना तुम्ही पाहिजेत." नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

कन्नडच्या पुढं फाट्यावरून आत त्यांचं शेत. मका गुडघ्याएवढा आला होता. बांधावर जागा ठरली. संतोष कुदळ घेऊन खड्डा खणायला लागला. डाव्या हाताचा जोर लावायला तो शिकला होता. सविता आणि कौसामावशी पाणी आणायला विहिरीकडं गेल्या. आम्ही दोघंच उरलो. गावात झाड रुजलं की त्याच्या कहाणीलाही मुळं फुटतील, नातवंडांपर्यंत जाईल, असं काहीतरी मला वाटलं आणि जीव घाबरला.

"संतोष," मी म्हणाले, "एक सांगायचं आहे. ही फांदी सविताची आहे की नाही, मला माहीत नाही. मी तेव्हा खोटं बोलले. तिचं तोंड बघवत नव्हतं म्हणून."

त्याची कुदळ थांबली नाही. चार-सहा घाव घालून झाल्यावर त्यानं ती बाजूला ठेवली आणि हातानं माती उपसायला लागला.

"मॅडम, प्रेसला सेन्सर असतो," तो खाली बघतच म्हणाला. "हात आत गेला की मशीन थांबतंय. त्यो मी बंद करून ठिवला व्हता. मीच. माल जास्ती निघतो म्हनून. सुपरवायझर दोनदा बोलला व्हता, चालू कर म्हनून."

मी खाली बसून कडेची माती मागं ओढली.

"दवाखान्यात आई तुमचं बोलायची. फांदीचं. मी ऐकत पडायचो. मला बरं वाटायचं बगा. घरात एकानंबी मला इचारलं नाय, कसं झालं. फांदी व्हती ना." त्यानं तळहातानं खड्ड्याची कड सारखी केली. "तुमी आमच्या दारात यायचं बंद केलं, ते दिसत व्हतं मला. तरी बोललो नाय."

"सविताला माहीत आहे?"

"नाय." त्यानं आणखी एक ओंजळ माती काढली. "तुमचंबी नका सांगू."

विहिरीकडून दोघी येताना दिसल्या. सविताच्या कमरेवर कळशी, मागं तांब्या घेतलेल्या कौसामावशी. संतोषनं कुंडी फोडली. आत मुळं कुंडीच्या भिंतीला लागून गोल-गोल फिरून घट्ट झाली होती. मी बसून ती बोटांनी मोकळी केली, खड्ड्यात पसरली, त्यानं माती लोटली. मी दाबली, त्यानंही दाबली. त्याच्या तीन बोटांचे ठसे ओल्या मातीत उमटत होते.

सविता कळशी घेऊन पुढं झाली तसं कौसामावशींनी तिला हातानं थांबवलं. त्यांनी तांब्या भरला आणि माझ्यासमोर धरला.

"पहिलं पानी तू घाल बाई," त्या म्हणाल्या. "तूच जगिवलं."

"मावशी, मी नको. सविता घालेल."

"घाल म्हनते ना."

सविता हसत होती, डोळे भरलेले. मी तांब्या घेतला. पाणी घातलं, तशी माती खाली बसली. आणखी घातलं. संतोषनं मान वर केली नाही. मीही केली नाही. पाणी मुरेपर्यंत आम्ही दोघंही बुंध्याकडंच बघत राहिलो.